संकरित कन्सोलवरील साठवणमर्यादा आणि मोठी डाउनलोड

संकरित कन्सोलवरील साठवणमर्यादा म्हणजे हातात धरूनही आणि दूरचित्रवाणी संचाला जोडूनही खेळता येणाऱ्या व्हिडिओ गेम यंत्रांमधील स्मृतीची अपुरी जागा व तिच्यामुळे निर्माण होणारे प्रश्न होत. जपानच्या निन्टेंडो कंपनीचे स्विच (२०१७) आणि स्विच २ (२०२५) ही या प्रकारची सर्वाधिक प्रसार पावलेली यंत्रे आहेत. खेळांचा आकार काही जीबीवरून साठ-सत्तर जीबीपर्यंत वाढला, परंतु यंत्रातील साठवण त्या प्रमाणात वाढली नाही. त्यामुळे खेळाची कोणती सामग्री विकत घेतलेल्या कार्डावर असावी, कोणती आंतरजालावरून उतरवून घ्यावी आणि तिचा खर्च कोणी सोसावा, हा वादाचा विषय झाला आहे. जलद व अमर्याद आंतरजाल जोडणी नसलेल्या प्रदेशांत या प्रश्नाचे स्वरूप निराळे दिसते. महाराष्ट्रातील बुलढाणा जिल्ह्यासारख्या प्रामुख्याने ग्रामीण भागाच्या संदर्भात त्याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

== पार्श्वभूमी ==

घरगुती व्हिडिओ गेमच्या पहिल्या काही दशकांत साठवणीचा प्रश्न ग्राहकापर्यंत पोहोचतच नव्हता. १९८३ मध्ये जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉम यंत्रात खेळ कार्ट्रिजमध्ये असे. भारतात १९९० च्या दशकात या यंत्राच्या अनधिकृत प्रतिकृती गावोगावच्या बाजारांत मिळू लागल्या व त्यांच्या कार्ट्रिजला सर्वत्र ‘कॅसेट’ असे म्हटले जाई. कॅसेट खाचेत बसवली की खेळ सुरू होत असे. यंत्रात स्वतंत्र साठवण नव्हती व तिची गरजही नव्हती. खेळ पूर्ण कॅसेटमध्ये सामावलेला असल्याने ती मित्राला देता येई, अदलाबदल करता येई किंवा विकताही येई.

पुढे सीडी, डीव्हीडी व ब्लू-रे चकत्या आल्या. चकतीची क्षमता मोठी व उत्पादनखर्च अल्प असल्याने खेळांचा आकार वाढत गेला. चकती वाचण्याचा वेग मात्र कमी पडू लागला. त्यामुळे खेळाची सामग्री आधी यंत्रातील हार्ड डिस्कवर उतरवून मग चालवण्याची पद्धत रूढ झाली. त्याच सुमारास आंतरजालावरून खेळ विकत घेण्याची सोय झाली आणि साठवण हा ग्राहकाने सांभाळायचा विषय बनला.

हातात धरायच्या यंत्रात चकती आणि हार्ड डिस्क दोन्ही गैरसोयीच्या असतात. आकार, वजन, धक्के आणि विजेचा वापर या चारही बाबतींत अर्धवाहक स्मृती सोयीची ठरते. त्यामुळे अशा यंत्रांत फ्लॅश स्मृती वापरली जाते. ती प्रति जीबी चकतीपेक्षा महाग पडते. संकरित कन्सोलच्या साठवणीचा सारा प्रश्न या एका गोष्टीतून उगवला आहे.

== यंत्रांची क्षमता ==

मूळ स्विच ३ मार्च २०१७ रोजी बाजारात आले. त्याची अंतर्गत साठवण ३२ जीबी होती व त्यांपैकी सुमारे २६ जीबी वापरकर्त्याच्या वाट्याला येत असे. सप्टेंबर २०१९ मधील स्विच लाइट या केवळ हातात धरून खेळायच्या आवृत्तीतही ३२ जीबीच साठवण ठेवण्यात आली. ऑक्टोबर २०२१ मधील ओलेड पडद्याच्या आवृत्तीत ती ६४ जीबी झाली. ५ जून २०२५ रोजी आलेल्या स्विच २ मध्ये २५६ जीबी साठवण आहे, म्हणजे आठ वर्षांत ती आठपट झाली.

यंत्राच्या खोक्यावर छापलेला आकडा आणि पडद्यावर दिसणारा आकडा यांत फरक पडण्याची कारणे दोन आहेत. पहिले कारण मोजणीचे. उत्पादक एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट असे दशमान पद्धतीने मोजतात. संगणक प्रणाली पुष्कळदा १०२४ च्या पटीत मोजते. या दुसऱ्या मापाने ३२ जीबीचे २९.८ आणि २५६ जीबीचे २३८.४ एवढेच भरतात. दुसरे कारण यंत्राच्या स्वतःच्या प्रणालीने व्यापलेल्या जागेचे. खेळातील प्रगतीची नोंदही अंतर्गत स्मृतीतच राहते. ती बाहेरच्या कार्डावर ठेवता येत नाही, मात्र तिचा आकार सहसा लहान असतो.

== खेळांचा वाढता आकार ==

स्विचच्या आरंभकाळातील निन्टेंडोचे स्वतःचे खेळ तुलनेने आटोपशीर होते. ‘सुपर मारिओ ओडिसी’ (२०१७) सुमारे ६ जीबी, तर ‘द लेजेंड ऑफ झेल्डा : ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ (२०१७) सुमारे १३ जीबी जागा घेई. २०२३ मधील ‘टिअर्स ऑफ द किंगडम’साठी सुमारे १६ जीबी लागत. याचा अर्थ मूळ स्विचच्या अंतर्गत साठवणीत झेल्डा मालिकेतील हे दोन खेळ एकत्र मावत नसत.

स्विच २ सोबत आलेल्या ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ या खेळाला २२ ते २४ जीबी, तर इतर कंपन्यांच्या ‘सायबरपंक २०७७’सारख्या खेळाला सुमारे ६० जीबी जागा लागते. साठ जीबीचे चार खेळ उतरवले की २५६ जीबीची साठवण जवळजवळ संपते. आठपट वाढलेली जागा प्रत्यक्षात तेवढी वाढल्यासारखी वाटत नाही, याचे कारण हेच होय.

आकार वाढण्याची प्रमुख कारणे अशी :

* चित्रपोत : खेळातील प्रत्येक भिंत, वस्त्र वा चेहरा यांच्या पृष्ठभागाचे चित्र साठवलेले असते. चित्राची लांबी व रुंदी दुप्पट केल्यास त्यातील बिंदू चौपट होतात.
* ध्वनी : संवाद अनेक भाषांत ध्वनिमुद्रित केलेले असतात. ऐकणारा एकच भाषा निवडत असला, तरी पुष्कळ खेळांत सर्व भाषांची सामग्री एकत्रच उतरते. स्विचच्या प्रणालीत मराठी, हिंदी वा अन्य कोणतीही भारतीय भाषा उपलब्ध नाही. भारतीय खेळाडूच्या यंत्रातील बरीच जागा अशा प्रकारे त्याला कधीही न लागणाऱ्या भाषा व्यापतात.
* चित्रफिती : कथानक पुढे नेणारी दृश्ये अनेकदा पूर्वमुद्रित चित्रफितीच्या रूपात असतात.
* सुधारणा : खेळ प्रसिद्ध झाल्यावर त्रुटी दूर करण्यासाठी व नवा भाग जोडण्यासाठी वेळोवेळी येणारी आवर्तने मूळ आकारात भर घालतात.
* द्विरुक्ती : चकती वा हार्ड डिस्क जलद वाचता यावी म्हणून एकच सामग्री अनेक ठिकाणी ठेवण्याची जुनी पद्धत काही खेळांत टिकून आहे. फ्लॅश स्मृतीत तिची गरज नसते.

आकार कमी करता येत नाही, असे नव्हे. ऑक्टोबर २०१९ मध्ये ‘द विचर ३’ हा विस्तृत खेळ त्याच्या दोन्ही विस्तारभागांसह स्विचच्या ३२ जीबी कार्डावर बसवण्यात आला होता. त्यासाठी चित्रपोत आणि चित्रफिती यांचा दर्जा कमी करावा लागला. आकार कमी करण्याला श्रम, वेळ आणि दर्जा यांची किंमत मोजावी लागते आणि ती मोजावी की नाही, हे प्रकाशक ठरवतो.

== कार्डाकडून डाउनलोडकडे ==

स्विचचा खेळ दुकानातून घेतला तर तो नखाएवढ्या कार्डावर मिळतो. कार्डाची क्षमता जितकी अधिक, तितका प्रकाशकाचा खर्च अधिक. त्यामुळे काही प्रकाशकांनी मोठा खेळ लहान क्षमतेच्या कार्डावर बसेल तेवढाच छापला आणि उरलेला भाग ग्राहकाने उतरवून घ्यावा, असा मार्ग काढला. २०१७ मध्ये आलेल्या ‘डूम’ या खेळाच्या कार्डावर एकट्याने खेळायचा भाग होता आणि अनेकांनी मिळून खेळायचा भाग डाउनलोड करावा लागे. काही खेळांच्या बाबतीत तर पेटीत कार्डच नसे, केवळ सांकेतिक क्रमांक छापलेला कागद असे.

दुसरा मार्ग ‘क्लाउड आवृत्ती’चा. यात खेळ दूरच्या सर्व्हरवर चालतो आणि त्याचे दृश्य यंत्रापर्यंत पोहोचते. ‘कंट्रोल’ (२०२०) आणि ‘किंगडम हार्ट्‌स’ मालिका (२०२२) या पद्धतीने स्विचवर आल्या. साठवण जवळजवळ लागत नाही; परंतु खेळत असेपर्यंत प्रत्येक क्षणी जलद व स्थिर जोडणी लागते.

=== गेम-की कार्ड ===

स्विच २ सोबत निन्टेंडोने ‘गेम-की कार्ड’ हा नवा प्रकार आणला. या कार्डावर संपूर्ण खेळ नसतो. खेळ उतरवण्याची व चालवण्याची मुभा देणारी ‘किल्ली’ तेवढी त्यावर असते. कार्ड प्रथम बसवल्यावर आंतरजालावरून पूर्ण खेळ यंत्रात उतरवावा लागतो आणि पुढे खेळताना प्रत्येक वेळी कार्ड यंत्रात असावे लागते. पेटीच्या दर्शनी बाजूस तशी सूचना छापलेली असते.

हा प्रकार पूर्ण डाउनलोड आणि पूर्ण कार्ड यांच्या मधला आहे. खेळ खात्याशी बांधलेला नसल्याने कार्ड दुसऱ्याला देता येते किंवा विकता येते. पण ज्याच्या हाती ते जाते त्यालाही सर्व सामग्री पुन्हा उतरवावी लागते. दुकानातून पेटी आणूनही यंत्रातील जागा वाचत नाही व डाउनलोडही टळत नाही. ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ आणि ‘सायबरपंक २०७७’ हे खेळ पूर्ण कार्डावर मिळतात. ‘स्ट्रीट फायटर ६’, ‘स्टार वॉर्स आउटलॉज’ व इतर अनेक खेळ की कार्डाच्या रूपात आले.

प्रकाशकांच्या बाजूने दोन कारणे सांगितली जातात. एक कार्डाच्या खर्चाचे आणि दुसरे वेगाचे. स्विच २ ची अंतर्गत साठवण खेळाच्या कार्डापेक्षा अधिक वेगाने वाचली जाते. विस्तीर्ण जगात वेगाने फिरताना पुढील दृश्याची सामग्री सतत वाचावी लागते व कार्डाचा वेग तिथे अपुरा पडू शकतो. हे दुसरे कारण तांत्रिकदृष्ट्या ग्राह्य आहे. मात्र ते सर्व खेळांना सारखे लागू पडत नाही. लहान आकाराचे आणि जुन्या यंत्रांवरून आणलेले खेळही की कार्डावर आले आहेत. तिथे वेगाचा मुद्दा उरत नाही, खर्चाचा उरतो.

== वाढीव साठवणीचा खर्च ==

मूळ स्विचमध्ये साधे मायक्रोएसडी कार्ड घालून जागा वाढवता येत असे. मोबाइल फोनमध्ये वापरली जाणारी ही कार्डे तालुक्याच्या गावातील कोणत्याही मोबाइल दुकानात मिळतात.

स्विच २ मध्ये खेळ साठवण्यासाठी ‘मायक्रोएसडी एक्सप्रेस’ या नव्या प्रकारचेच कार्ड लागते. हे मानक एसडी असोसिएशनने फेब्रुवारी २०१९ मध्ये जाहीर केले होते. साध्या यूएचएस-१ कार्डाची कमाल गती सेकंदाला १०४ एमबी, तर एक्सप्रेस कार्डाची सुमारे ९८५ एमबी मानली जाते. साधे कार्ड स्विच २ मध्ये घातल्यास त्यावरील जुनी छायाचित्रे व चित्रफिती तेवढ्या यंत्रात आणता येतात, खेळ ठेवता येत नाहीत. हाताशी असलेली जुनी कार्डे त्यामुळे निरुपयोगी ठरतात. आरंभी अमेरिकेत २५६ जीबीच्या एक्सप्रेस कार्डाची किंमत सुमारे ६० डॉलर होती. खुद्द यंत्राची किंमत ४४९.९९ डॉलर होती, म्हणजे साठवण दुप्पट करण्यासाठी यंत्राच्या किमतीच्या सुमारे तेरा टक्के अधिक मोजावे लागत.

२०२५ च्या उत्तरार्धापासून कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी उभारल्या जाणाऱ्या माहिती केंद्रांची मागणी वाढल्याने स्मृतीच्या सुट्या भागांचे जागतिक दर चढू लागले. त्यामुळे साठवण कालांतराने आपोआप स्वस्त होईल, या आजवरच्या गृहीतकालाही धक्का बसला आहे.

== भारतातील स्थिती ==

जून २०२५ मध्ये स्विच २ ज्या देशांत अधिकृतपणे विक्रीस आले, त्यांत भारत नव्हता. निन्टेंडोचे भारतासाठी स्वतंत्र ई-शॉपही नाही. भारतात ही यंत्रे मुख्यतः आयात करणाऱ्या विक्रेत्यांमार्फत किंवा परदेशस्थ नातेवाइकांकडून येतात आणि वापरकर्ते अन्य देशाच्या नावाने खाते उघडून खेळ विकत घेतात. हमी, दुरुस्ती आणि तक्रारनिवारण या सोयी त्यामुळे दुर्बळ राहतात.

भारतात आंतरजाल मुख्यतः मोबाइल फोनवरून वापरले जाते. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची ४जी सेवा सुरू झाल्यानंतर डेटाचे दर झपाट्याने खाली आले. भारतीय ग्राहक आज सरासरीने महिन्याला २० जीबीहून अधिक मोबाइल डेटा वापरतो. जगाच्या तुलनेत हा वापर मोठा असला, तरी साठ जीबीच्या एका खेळासाठी अशा दोन-तीन महिन्यांचा डेटा लागतो.

मोबाइल योजनांची रचना येथे महत्त्वाची ठरते. प्रचलित योजनांत दिवसाला १.५ किंवा २ जीबी अशी मर्यादा असते आणि ती संपल्यावर वेग सामान्यतः ६४ केबीपीएसपर्यंत उतरतो. जुलै २०२४ च्या दरवाढीनंतर प्रमुख कंपन्यांनी अमर्याद ५जी सामान्यतः दिवसाला २ जीबी वा त्याहून अधिक डेटा देणाऱ्या योजनांपुरते ठेवले. स्विचमध्ये सिम कार्डाची सोय नाही. म्हणून ज्या घरी तारजोडणी नाही तिथे फोनचा हॉटस्पॉट सुरू करून त्यावर यंत्र जोडावे लागते. खेळाच्या डाउनलोडचा भार त्याच फोनच्या डेटावर पडतो.

== बुलढाणा जिल्ह्याच्या संदर्भात ==

विदर्भाच्या पश्चिम टोकाला, अमरावती विभागात असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात तेरा तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे २५.८६ लाख होती व त्यांपैकी जवळजवळ ७९ टक्के लोक ग्रामीण भागात राहत होते. भूरचनेच्या दृष्टीने जिल्ह्याचे तीन पट्टे पडतात. उत्तरेस जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांना लागून सातपुड्याच्या रांगा आहेत. त्यांच्या दक्षिणेस पूर्णा नदीचे सपाट खोरे असून मलकापूर, नांदुरा, शेगाव ही मुंबई–नागपूर लोहमार्गावरील गावे त्यात येतात. त्याच्याही दक्षिणेस घाटावरचा प्रदेश असून बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा ही गावे तिथे आहेत.

अशा रचनेत आंतरजालाची उपलब्धता सर्वत्र सारखी राहू शकत नाही. शहरी वस्तीत घर घराला लागून असल्याने एका तारेवर अनेक ग्राहक मिळतात. विखुरलेल्या वस्त्यांत आणि डोंगरपायथ्याच्या गावांत एका ग्राहकामागे अंथरायच्या तारेची लांबी वाढते व खासगी कंपनीला ती परवडत नाही. हीच दरी भरून काढण्यासाठी केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय प्रकाशतंतू जाळ्याची योजना मंजूर केली. पुढे ती भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतू नेणे हे तिचे उद्दिष्ट होते. ऑगस्ट २०२३ मध्ये सुमारे १.३९ लाख कोटी रुपयांच्या सुधारित कार्यक्रमास मान्यता मिळाली. तार ग्रामपंचायतीपर्यंत आली तरी तिथून घरापर्यंतची जोडणी हा वेगळा टप्पा असतो. खेळाच्या डाउनलोडला या शेवटच्या टप्प्याचीच गरज असते.

जोडणीच्या प्रकारानुसार एकाच खेळाला लागणारा वेळ किती बदलतो, हे पुढील हिशेबावरून दिसते. २०२३ पासून भारतात किमान २ एमबीपीएस वेगाच्या जोडणीला ब्रॉडबँड म्हटले जाते. हा किमान वेग आणि इतर प्रचलित वेग येथे घेतले आहेत. जोडणी अखंड आणि पूर्ण वेगाने चालते, असे धरले आहे. प्रत्यक्षात लागणारा वेळ याहून अधिकच असतो.

२० जीबीचा खेळ :
* १०० एमबीपीएस प्रकाशतंतू जोडणी : सुमारे २७ मिनिटे
* ४० एमबीपीएस : सुमारे १ तास ७ मिनिटे
* २ एमबीपीएस : सुमारे २२ तास
* दिवसाला २ जीबीची मोबाइल योजना : १० दिवस
* दिवसाला १.५ जीबीची मोबाइल योजना : १४ दिवस

६० जीबीचा खेळ :
* १०० एमबीपीएस प्रकाशतंतू जोडणी : १ तास २० मिनिटे
* ४० एमबीपीएस : ३ तास २० मिनिटे
* २ एमबीपीएस : सुमारे ६७ तास, म्हणजे पावणेतीन दिवस
* दिवसाला २ जीबीची मोबाइल योजना : ३० दिवस
* दिवसाला १.५ जीबीची मोबाइल योजना : ४० दिवस

मोबाइल योजनेचे दिवस मोजताना त्या काळात फोनचा डेटा अन्य कशालाही वापरला नाही, असे मानावे लागते. ग्रामीण कुटुंबात पुष्कळदा एकाच फोनवर मुलांचा अभ्यास, पैशांची देवघेव, हवामानाचा अंदाज आणि बाजारभाव पाहणे चालते. तो महिनाभर एका खेळासाठी राखून ठेवणे शक्य नसते. दैनिक मर्यादा संपल्यानंतरच्या ६४ केबीपीएस वेगावर विसंबायचे ठरवल्यास साठ जीबी उतरायला अखंड ८७ दिवस लागतील.

याउलट ज्या घरी प्रकाशतंतू जोडणी आहे, तिथे हा प्रश्न जवळजवळ संपतो. अनेक फायबर योजनांत वेग कमी होण्यापूर्वी महिन्याला ३३०० जीबीपर्यंत वापर करता येतो, म्हणजे साठ जीबीचे पंचावन्न खेळ उतरवता येतील. एकाच तालुक्यातील दोन घरांमधला फरक असा तासाभराच्या आणि महिनाभराच्या प्रतीक्षेचा असू शकतो.

विजेचा पुरवठा हीदेखील विचारात घेण्याजोगी बाब आहे. संकरित कन्सोलमध्ये स्वतःची बॅटरी असल्याने वीज गेल्यावर ते बंद पडत नाही. राउटर मात्र बंद पडतो व डाउनलोड थांबते. जोडणी परत आल्यावर ते पुढे सुरू होते, पण रात्रभरात पूर्ण होणारे काम त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपर्यंत लांबते.

या जिल्ह्यातील बहुसंख्य मुलांच्या दृष्टीने खेळाचे साधन कन्सोल नसून मोबाइल फोन आहे, हेही लक्षात घ्यावे लागते. ३२ वा ६४ जीबी साठवणीच्या फोनवर एखादा मोठा खेळ ठेवायचा, तर छायाचित्रे वा अभ्यासाची ॲप काढून टाकावी लागतात. कन्सोलच्या वापरकर्त्यांना २०१७ पासून भेडसावणारी अडचण स्वस्त फोनच्या वापरकर्त्यांना रोजची आहे. म्हणूनच साठवणमर्यादेचा प्रश्न महागड्या परदेशी यंत्रापुरता सीमित राहत नाही.

== मालकी आणि जतन ==

खेळ पूर्ण कार्डावर असतो तेव्हा कार्ड ज्याच्या हाती, खेळ त्याचा, असा साधा व्यवहार असतो. डाउनलोडच्या बाबतीत ग्राहकाला वस्तू मिळत नाही, ती वापरण्याचा परवाना मिळतो. कंपनीचे दुकान व सर्व्हर चालू असेपर्यंत हा फरक जाणवत नाही. निन्टेंडोने वी यू आणि ३डीएस या आधीच्या यंत्रांची ई-शॉप विक्री २७ मार्च २०२३ रोजी बंद केली. त्यापूर्वी विकत घेतलेले खेळ त्यानंतरही पुन्हा उतरवता येत होते, परंतु नवीन खरेदी थांबल्याने केवळ डाउनलोड रूपात प्रसिद्ध झालेले अनेक खेळ अधिकृतरीत्या मिळेनासे झाले.

गेम-की कार्डाने हा प्रश्न छापील पेटीपर्यंत आणला आहे. जपानच्या नॅशनल डाएट लायब्ररीने २०२५ मध्ये स्पष्ट केले की, की कार्डावर प्रत्यक्ष खेळाची सामग्री नसल्याने ते ग्रंथालयाच्या संकलन व जतनाच्या कक्षेत येत नाही. ग्रंथाशी तुलना केल्यास हे असे होईल की, कपाटात पुस्तकाचे वेष्टन आहे, परंतु पाने दुसऱ्या गावच्या कोठारातून दरवेळी मागवावी लागतात आणि ते कोठार किती वर्षे उघडे राहील याची हमी नाही. भारतात १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्यानुसार प्रकाशकांना पुस्तकांच्या प्रती कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व अन्य नियत ग्रंथालयांस द्याव्या लागतात. व्हिडिओ गेम या कायद्याच्या कक्षेत येत नाहीत.

कायद्याच्या क्षेत्रात काही हालचाल झाली आहे. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या कायद्यान्वये ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल तर विक्रेत्याने तसे स्पष्ट सांगणे आवश्यक ठरले. युरोपीय संघात विकलेले खेळ कंपनीने परस्पर निकामी करू नयेत, या मागणीसाठीच्या नागरिक उपक्रमाला २०२५ मध्ये दहा लाखांहून अधिक स्वाक्षऱ्या मिळाल्या. भारताच्या ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मधील ई-वाणिज्याच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनांचा समावेश आहे. परंतु ज्या कंपनीची भारतात अधिकृत विक्रीच नाही तिच्याविरुद्ध या तरतुदींचा उपयोग करून घेणे सामान्य ग्राहकाला सोपे नाही.

== उपलब्ध उपाय ==

यंत्रात असलेल्या काही सोयींमुळे साठवणीची आणि डेटाची अडचण कमी करता येते.

* संग्रहण : न खेळला जाणारा खेळ ‘आर्काइव्ह’ केल्यास त्याची सामग्री पुसली जाते, पण चिन्ह व प्रगतीची नोंद राहते. पुन्हा खेळण्यासाठी मात्र पुन्हा डाउनलोड करावे लागते. मर्यादित डेटा असलेल्या घरी हा उपाय महाग पडतो.
* स्थलांतर : एप्रिल २०२० पासून खेळ अंतर्गत स्मृतीतून मायक्रोएसडी कार्डावर व उलट हलवता येतात. यासाठी डेटा खर्च होत नाही.
* स्थानिक देवाणघेवाण : जवळच्या दुसऱ्या स्विचवर खेळाचे नवे आवर्तन असेल, तर ते आंतरजालाविना घेता येते. एका गावात दोघांकडे यंत्र असल्यास एकदाच झालेले सुधारणेचे डाउनलोड दोघांच्या उपयोगी पडते.
* आभासी गेम कार्ड : एप्रिल २०२५ च्या अखेरीस आलेल्या या सोयीमुळे डाउनलोड केलेला खेळ कुटुंबगटातील सदस्याला दोन आठवड्यांसाठी उसना देता येतो. घेणाऱ्याच्या यंत्रात खेळ स्वतंत्रपणे उतरवावा लागतो.
* खरेदीपूर्वीची पाहणी : ई-शॉपच्या पानावर खेळाचा आकार दिलेला असतो आणि पेटीवर अतिरिक्त डाउनलोड वा की कार्ड यांची सूचना छापलेली असते. आयात केलेली पेटी परत करणे अवघड असल्याने ही पाहणी भारतीय ग्राहकासाठी विशेष महत्त्वाची ठरते.

== मूल्यमापन ==

साठवणमर्यादेच्या चर्चेत दोन भूमिका आढळतात. पहिलीनुसार हा संक्रमणकाळ आहे. आंतरजाल सर्वत्र पोहोचेल, वेग वाढेल, आणि मग सामग्री कार्डावर आहे की सर्व्हरवर, याला अर्थ उरणार नाही. भारतात गेल्या दहा वर्षांत डेटाचे दर ज्या गतीने उतरले ते पाहता या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरी भूमिका अशी की, वेग वाढला तसे खेळांचे आकारही वाढले. प्रतीक्षेचा काळ त्यामुळे अपेक्षेइतका घटला नाही. शिवाय वेगाने मालकीचा व जतनाचा प्रश्न सुटत नाही.

दोन्ही भूमिकांत एक गोष्ट समान दिसते. साठवणीचा खर्च नाहीसा झालेला नाही, तो एकाकडून दुसऱ्याकडे सरकला आहे. कॅसेटच्या काळात तो प्रकाशकाने सोसला आणि किमतीत वसूल केला. की कार्डाच्या काळात ग्राहक तो स्मृतीच्या, डेटाच्या आणि वेळेच्या रूपाने भरतो, खेळाची किंमत मात्र त्या प्रमाणात उतरत नाही. महानगरातील ग्राहकाला हा भार तासाभराच्या प्रतीक्षेएवढा हलका वाटतो. घाटावरच्या किंवा सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातील ग्राहकाला तोच भार महिन्याच्या डेटाएवढा जड होतो. यंत्र, खेळ आणि किंमत सारखीच असूनही हा फरक पडतो. भारतात अशा यंत्रांची अधिकृत विक्री सुरू होईल तेव्हा पूर्ण खेळ असलेल्या कार्डांची उपलब्धता, भारतीय भाषांचा समावेश आणि डाउनलोडच्या आकाराची ठळक पूर्वसूचना या तीन बाबींवर तिचा ग्रामीण भागातील प्रसार मोठ्या प्रमाणात अवलंबून राहील.

== हेही पाहा ==

* भारतनेट
* बुलढाणा जिल्हा
* फ्लॅश स्मृती
* निन्टेंडो